पान लागलं, हे मी यादीत घातलं होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, देवघरात एकटी बसले असतानाही नाही — तिथं बोललं तरी आपला आवाज आपल्याच कानावर पडतो, आणि मला तेवढंही नको होतं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि आज सकाळी बसप्पाकाकांचा पुन्हा फोन आला म्हणून.

त्यांचं नाव फोनवर दिसलं की माझे हातपाय गार पडतात. तीन वर्षं झाली, अजून तसंच होतं. जळकोटजवळच्या आमच्या गावात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर आहे. साधा माणूस. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, उलट लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं. मग अशा माणसाची कुणाला भीती वाटते का? मला वाटते. थांबा, सांगते. एका दमात नाही सांगता येत.

आधी माझं काम सांगते. मी लातूरला, औसा रस्त्यावरच्या एका लहानशा ऑफिसात जाहिरातींचं काम करते. पाट्या रंगवत नाही. तुम्ही मोबाईलवर काही शोधता, तेव्हा सगळ्यात वर दोन-तीन नावं येतात ना — बाजूला बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं? ते बारीक अक्षर कोणी वाचत नाही. तिथं बोट लागलं की ज्याची जाहिरात, त्याचे पैसे कापले जातात. माणसानं कोणते शब्द शोधले की आपली जाहिरात दिसावी, त्याची एक यादी करावी लागते. त्या शब्दांना कीवर्ड म्हणतात. ती यादी मी करते.

आणि चांगली करते, हेही सांगून टाकते. पुण्यात बसलेली पोरं यादीत लिहितात, ‘गुडघा प्रत्यारोपण तज्ज्ञ’. आता देगलूरच्या कुठल्या म्हातारीनं जन्मात हा शब्द उच्चारलाय? ती माईकचं चित्र दाबते आणि म्हणते, ‘गुडघे लई दुखायलेत, दवाखाना’. मी ते तसंच्या तसं यादीत घालायची. बिलोलीकडचे कसे बोलतात, उदगीरचे कसे, सगळं मला ठाऊक. आमचे सर चारचौघांत म्हणायचे, हिच्या कानात अख्खा मराठवाडा बसलाय. मला त्याचा माज होता. खरंच होता.

मग आमच्याकडं एक खाजगी दवाखाना आला. लातुरातलाच, नवा, काचेच्या दारांचा. नाव सांगत नाही — त्यांची अब्रू राखायला नाही, मलाच भीती वाटते म्हणून. त्यांना तातडीच्या पेशंटांचे फोन हवे होते. श्रावण होता, सोयाबीन कमरेला लागलेलं, रानात खुरपणी चाललेली. या दिवसांत रानात काय होतं, ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेलीला सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरनं सुचवलं, ‘स्नेक बाइट हॉस्पिटल’. मला हसू आलं. आमच्या गावात त्या जनावराचं नावच घेत नाहीत. नाव घेतलं की ते येतं म्हणतात. ते कोणाला चावलं, तर जीव जात असतानासुद्धा माणूस ओरडतो ते — पान लागलं. लहानपणी मी एकदा दिवेलागणीला नाव घेतलं तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. बघा, मी आतासुद्धा त्याचं मराठी नाव लिहिलेलं नाही. लिहायला हात वळत नाही.

तर मी यादीत घातलं — पान लागलं. पान लागलंय काय करावं. पायाला पान लागलं दवाखाना. देवनागरीत घातलं, इंग्रजी अक्षरांतही घातलं. हा शब्द दुसऱ्या कोणीच घेतलेला नव्हता, त्यामुळं आमची जाहिरात सगळ्यात वर. खालची ओळही माझीच — ‘पान लागलं? घाबरू नका. लगेच फोन करा. डॉक्टर चोवीस तास हजर.’

घाबरू नका, असं मी लिहिलं होतं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, यात तुझं काय चुकलं? कामच आहे ते तुझं. मीही स्वतःला हेच सांगत आले. त्या दवाखान्यात विषावरचं इंजेक्शन नसतं, हे मला बिचारीला कुठून कळणार? मी काय डॉक्टर आहे? तीन वर्षं हे वाक्य मी इतक्या वेळा घोकलंय की कधीकधी मलाच खरं वाटतं.

खोटं आहे ते. मला माहीत होतं.

यादी दाखवायला गेले, तेव्हा मीच मॅनेजरना विचारलं होतं, ते इंजेक्शन तुम्ही ठेवता ना? ते चहा ढवळत होते. म्हणाले, “ते सरकारीत असतं हो. आपण नाही ठेवत. पेशंट आला तर सलाईन लावून पुढं पाठवू. आधी पाय आपल्या दारात लागले पाहिजेत, मॅडम.” मी मान डोलावली. ऑफिसात परत आले, यादी उघडली. शब्द काढायला कितीसा वेळ लागतो? एक टिचकी. बोट त्या ओळीवर गेलंही होतं. पण इतका नेमका शब्द, आपल्याशिवाय कोणालाच न सुचलेला — तो सोडवेना. एवढंच कारण होतं. यापेक्षा मोठं काही असतं तर बरं झालं असतं, निदान सांगायला तरी.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि आईचा फोन आला. चंद्रकलाकाकू गेल्या. बसप्पाकाकांच्या बायको. आई रानात गेली की माझी वेणी घालणाऱ्या, वेणी घालताना केस ओढले म्हणून मी रडले की हातावर गूळ ठेवणाऱ्या. आई रडत रडत सांगत होती — सकाळी खुरपताना पान लागलं, जीप करून लातूरला नेलं, तिथल्या कुठल्याशा मोठ्या दवाखान्यानं सरकारीत पाठवलं, तिथं पोचेपर्यंत उशीर झाला.

कुठला दवाखाना, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. हात न धुताच कॉम्प्युटरसमोर बसले. लोक नेमके काय शब्द बोलले, त्याचा एक तक्ता असतो. त्या सकाळची जळकोटकडची एकच ओळ होती — ‘बायकोला पान लागलंय दवाखाना’. तिच्यासमोर फोन लावल्याची नोंद, आणि नोंदीशेजारी हिरवी खूण. फोन लागला म्हणजे जाहिरात यशस्वी, असा आमच्याकडचा हिशेब आहे. महिन्याच्या रिपोर्टमध्ये तोही फोन धरला गेला. मी काढला नाही, कारण काढला असता तर का काढला, हे कोणीतरी विचारलं असतं.

त्याच दुपारी मी ते सगळे शब्द यादीतून काढले. काढल्यावर लक्षात आलं. कोणता शब्द कोणी घातला, कोणी काढला, किती वाजता — हे सगळं तिथं लिहिलेलं राहतं. ते पुसता येत नाही. आजही ते तिथं आहे.

दुसऱ्या दिवशी गावी पोचले, तोवर काकूंना त्यांच्या लिंगायत रीतीनं मातीत बसवून झालं होतं. काका ओट्यावर बसले होते, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली. मला बघून उठले, हाताला धरून भिंतीच्या कडेला घेऊन गेले. हळू आवाजात बोलले. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत.

“पोरी, तू ह्यातलं शिकलीस मनून तुला सांगायलो. मी माईकात बोल्लो, तर पयलाच ह्यो दवाखाना आला. आपल्यावानीच लिवलेलं व्हतं बग. पान लागलं, घाबरू नका. मला वाटलं, आपल्यातलंच कोणीतरी बसलंय तिथं. मनून भरवसा धरला.”

मग म्हणाले, “वाटंत उदगीरला जीपवाला मनला, इथं सरकारीत घ्यावं का. मीच न्हाई मनलो. लातूरवाल्यायनं बोलावलंय मनलो. मीच.”

मी खाली बघत होते. त्यांच्या पायांत चप्पल नव्हती, एवढंच आठवतं. त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. “कोणी लिवलंय ते, तेवढं काढून दे. मला इचारायचं हाय त्याला.”

आता येतं ते. इतका वेळ मी ज्याच्याभोवती फिरतेय, ते.

मी फोन घेतला आणि रेंज नाही असं दाखवत तोंड भिंतीकडं केलं. आधी त्यांनी शोधलेलं सगळं पुसलं. मग फोन केलेल्या नंबरांतून तो एक नंबर पुसला. बोटं एकदाही चुकली नाहीत. रोजचंच काम होतं त्यांचं. मग वळून म्हणाले, “काका, इथं काही दिसत नाही हो. आणि ते कोणी लिहीत नसतं. मशीन आपोआप दाखवतं.”

काका माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “हाव का. मशीनीला काय कळतंय मग.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आठवड्यानं त्यांचा पुतण्या त्या दवाखान्यात भांडायला गेला. तिथल्यांनी सांगितलं, आम्ही कुठं बोलावलं होतं तुम्हाला? तुम्ही आपणहून आलात. बोलावल्याचा पुरावा काकांच्या फोनात होता. तो मी पुसला होता. पुतण्या तसाच परत आला, प्रकरण मिटलं. आईनंच हे मला फोनवर सांगितलं, आणि मी नुसतं ‘अरेरे’ म्हणाले.

तुम्हाला वाटलं असेल, मी नोकरी सोडली. नाही सोडली. अजूनही याद्या करते. ऑफिसात कोणी नवं माणूस येऊन जाहिरातींची जुनी खाती उघडून बसलं की माझा जीव टांगणीला लागतो. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरं आहे. दारात नोटिशीसारखं लांबट पाकीट आलं की आधी पाठवणाऱ्याचं नाव बघते. आणि सगळ्यात जास्त भीती पोलिसांची नाही, वकिलाची नाही. एक दिवस काका सहज म्हणतील, पोरी, तूच तर नव्हतीस ना गं? — त्याची आहे.

तसं ते कधी म्हणत नाहीत. त्यांनी आता मोबाईलवर काही शोधायचंच सोडलंय. बियाणं कुठलं घ्यावं, बसची वेळ काय, दात कोणाला दाखवावा, सगळं मला विचारतात. आज सकाळीही त्यासाठीच फोन होता. डोळ्यांत मोतीबिंदू सांगितलाय. म्हणाले, “कुठं दाखवू? मशीनीवर माझा भरवसा न्हाई आता. तू मनशील तिथं येतो.” मी एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. चांगले आहेत ते, मी चार ठिकाणी चौकशी केली होती. पण काकांनी तेच का, असं एकदाही विचारलं नाही. बरं पोरी, म्हणाले आणि फोन ठेवला.

परवा सकाळच्या एसटीनं येणार आहेत. स्टँडवर घ्यायला मी जाईन, हाताला धरून दवाखान्यात नेईन, ऑपरेशन होऊन डोळ्याला पट्टी बांधली की घरी आणून जेवायला वाढीन. पट्टीमुळं त्यांना माझा चेहराही धड दिसणार नाही. तेव्हाही मी सांगणार नाही. हे मला आत्ताच माहीत आहे.