रविवारी बिघडणारा प्रिंटर

आमच्या घरातला प्रिंटर दर रविवारी सकाळी दहा वाजता बिघडायचा. सोमवार ते शनिवार मुकाट कागद काढायचा आणि रविवारी दहाला मौन धरायचा. एवढं वेळ पाळणारं यंत्र मी जन्मात पाहिलं नाही. दौंड स्टेशनातल्या गाड्यांनी याच्याकडं शिकवणी लावावी, असं मी बायकोला म्हणायचो. ती म्हणायची, "तुम्ही गप बसा, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?" बरोबरच होतं. मी चौथी शिकलेला, मांडवगण फराट्याला झेंडू-शेवंती करण्यात हाडं झिजवलेला माणूस. मला यंत्रातलं काय कळणार? तिला मात्र सगळ्यातलंच कळायचं. रेल्वे कॉलनीत तिला एक्स्चेंजबाई म्हणायचे. पुढं मीही तेच म्हणायला लागलो, कारण घरात हुकूम तिचाच होता.

एक्स्चेंजबाई रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं बसली. ह्या स्टेशनच्या माणसाला त्या स्टेशनच्या माणसाशी जोडून द्यायचं, हे तिचं काम. पुढं ती निवृत्त झाली, पण ते तिच्या तोंडाला कुणी कळवलं नाही. मोबाईल वाजला की ती "हॅलो" म्हणायची नाही, "दौंड" म्हणायची. सिलिंडरवाल्यानं दोनदा चुकीचा नंबर समजून फोन ठेवला आणि आम्ही तीन दिवस खानावळीचा डबा खाल्ला. तिला त्याचं काही नाही. म्हणाली, "त्याला साधं बोलायचं कळंना, त्याला मी काय करू?"

निवृत्तीनंतर बायका पोथी लावतात, हिनं वायफाय लावलं. हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडला, त्याला प्रिंटर जोडला आणि दोन्ही पोरांचे लॅपटॉप आपल्या कॉम्प्युटरशी बांधून घेतले. थोरला दत्ता आमच्याबरोबर खाली राहतो, रांजणगावच्या कारखान्यात जातो. धाकटा बाळू वर राहतो, लग्नमंडपाच्या फुलांच्या ऑर्डरी घेतो. वर जायचा जिना हॉलमधूनच. तिन्ही यंत्रांना तिनं लाइनीवरच्या स्टेशनांची नावं दिली. हॉलमधलं दौंड, दत्ताचं केडगाव, बाळूचं पाटस. कुणालाही कागद छापायचा तर तो दौंडवरूनच निघणार. नातवंडांचे फोटोही दौंडच्याच एका फोल्डरात, ज्याला पाहिजे त्यानं आपल्या जागेवरून बघावेत. दत्ता एकदा म्हणाला, मी माझा वेगळा प्रिंटर घेतो. ही म्हणाली, "घे की. दोन घेतले की दोन्हीची शाई वाळंल." विषय संपला.

मग पोरांचं बिनसलं. जमिनीवरून बिनसलं असतं तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. आमचे दिवटे पाण्याच्या टाकीवरून भांडले. मोटर खालच्यानं लावायची आणि पाणी वरच्यानं संपवायचं, एवढाच तंटा. भावकीत म्हणतात, सुनांनी लावून दिलं. सुना पहिल्या दिवसापासून एकमेकींशी बोलत होत्या, विरजणसुद्धा एकीचं दुसरीकडं जात होतं. बोलणं बंद केलं ते ह्या दोन पुरुषसिंहांनी. सख्खे भाऊ एकाच हॉलमधून जायचे आणि एक भिंतीकडं बघायचा, दुसरा मोबाईलकडं.

मी माझ्या परीनं मध्यस्थी केली, म्हणजे दोघांनाही शिव्या दिल्या. एक्स्चेंजबाई एका शब्दानं बोलली नाही. मला तिचा रागच आला. म्हणलं, जगाला जोडून देत बसली, घरचं तुटलं तर बाईला फिकीर नाही. त्याच सुमाराला प्रिंटर दर रविवारी बिघडायला लागला, पण दोन्ही गोष्टी जोडून बघण्याएवढी अक्कल मला चौथीपर्यंत कुणी शिकवली नव्हती.

दोष काढायची तिची पद्धत एक्स्चेंजातली. तिचं म्हणणं एकच, "दोन्हीकडची माणसं लाइनीवर आल्याबिगर दोष सापडत न्हाई." त्यामुळं दोघांनी आपापला लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये यायचं आणि तिच्या दोन बाजूंना बसायचं. मधे पोह्यांचं ताट. कुणी तिच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. आधी वायफायचा डबा बंद करून चालू करायचा. मग तिन्ही यंत्रं एकेक करून बंद, एकेक करून चालू. मग ही दोन्हीकडं न बघता विचारायची, "पाटस, दौंड दिसतंय का?" बाळू म्हणायचा, "न्हाई." "केडगाव?" "न्हाई दिसत." थोड्या वेळानं दत्ता म्हणायचा, "आई, पाटसला विचार, केडगाव तरी दिसतंय का." पाटस हाताच्या अंतरावर पोहे खात बसलेलं असायचं. ते म्हणायचं, "सांग त्याला, दिसतंय अंधुक."

भावाशी बोलायचं नाही अशी शपथ होती. पाटसनं केडगावशी बोलायचं नाही अशी कुणी घातली नव्हती. बाराच्या सुमाराला एक्स्चेंजबाईला एकदम दोष सापडायचा, प्रिंटर घरघरायचा आणि ती म्हणायची, आता जेवूनच जा. मी पलीकडं दाढी करत ऐकायचो आणि म्हणायचो, तीस वर्षं नोकरी करून बाईला एक प्रिंटर सरळ करता येत नाही. तोंडावर म्हणायचो. ती हसायची. मला वाटायचं, खजील झाली.

एका रविवारी पावणेदहाला मी तिला कॉम्प्युटरपुढं एकटीच बघितली. पडद्यावर दोन टिंबं होती. काय करतेस विचारलं तर म्हणाली, "तपासते हाय." मग कधी नाही ते समजावून सांगितलं. हे वायफाय घरचं की बाहेरचं, ते कॉम्प्युटरला सांगावं लागतं. खालचं टिंब घरचं. वरचं टिंब बाहेरचं, म्हणजे स्टेशनावरचं, हॉटेलातलं. बाहेरचं म्हणून सांगितलं की तो दारं लावून घेतो, घरच्यांनाही ओळख दाखवत नाही. मी म्हणलं, मग हे यंत्र आपल्या पोरांवर गेलंय. ती म्हणाली, "पोरांचं टिंब कुठं हाय ते दिसलं असतं तर एवढं कशाला केलं असतं?" मला काही उमगलं नाही. मी बंबात पाणी ओतायला गेलो.

माघात ती गेली. सकाळी देवपूजा केली, खुर्चीत टेकली आणि उठली नाही. तेराव्यापर्यंत दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून उभे होते, लोकांनी वाखाणलं. चौदाव्या दिवशी भिंत आणि मोबाईल आपापल्या जागेवर आले.

आणि प्रिंटर बिघडायचा थांबला. पहिला रविवार गेला, दुसरा गेला, महिना गेला, दुसरा लागला. दहा वाजायचे आणि तो खुशाल कागद काढायचा. वर बसून बाळू छापायचा, सून कागद नेऊन द्यायची. मी त्या यंत्रापुढं बसून राहायचो. सहाव्या की सातव्या रविवारी मला कळलं. पंचेचाळीस वर्षं जिच्यासोबत संसार केला, तिला समजायला मला एवढी वर्षं आणि सात रविवार लागले. तरी शिकलेली माणसं म्हणतात, अनुभवानं शहाणपण येतं.

तेवढ्यात दत्तानं काढलं की बाळूसाठी बाहेरून वेगळा जिना करू, हॉलमधली ये-जा नको. बाळू म्हणाला, उत्तम. दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर, आणि तेही सुनांच्या मार्फत. गवंडी येऊन माप घेऊन गेला. जिना झाला की पोरं एकमेकांच्या दारावरूनसुद्धा जाणार नव्हती.

मग मीही कामाला लागलो. रविवारी दहाला प्रिंटरची वायर उपटली. बाळूचा दत्ताच्या बायकोला फोन आला, दत्ता आला, म्हणाला, "आबा, वायर निघालीय," ती खोचली आणि गेला. अर्ध्या मिनिटाचं काम. एक्स्चेंजबाई असती तर तोंडात पदर धरून हसली असती.

पुढच्या रविवारी पावणेदहाला मी कॉम्प्युटरपुढं बसलो. ती टिंबं सापडायला मला चार दिवस लागले होते. कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेवर दाबायचं, मग कुठं ना कुठं तरी येतात. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण वर आणि खाली एवढं कळतं. मी वरचं टिंब दाबलं. घरचं वायफाय बाहेरचं करून टाकलं.

दहाला बाळूचा कागद निघेना. केडगावलाही दौंड दिसेना. मी खाटेवरून म्हणलं, मला काय विचारता, दोघं खाली बसा आणि बघा, तुमच्या आईची पद्धत तुम्हाला म्हाईत हाय. बसले. मधे ताट नव्हतं, मला पोहे येत नाहीत. डबा बंद केला, चालू केला. शेवटी दत्तानं दौंडच्या यंत्राला हात लावला. आता अडवणारं कुणी नव्हतं. दोन-तीनदा दाबलं आणि थांबला. मला तिथून टिंब दिसत होतं. त्यालाही दिसलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आईच्या खुर्चीकडं.

बाळूनं विचारलं, "काय हाय दादा?" दीड वर्षानं त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला.

दत्तानं ते टिंब होतं तिथंच राहू दिलं आणि पडद्यावरची ती खिडकी बंद केली. म्हणाला, "आईच्या वेळचाच दोष हाय. येळ लागंल. बस तू."

बाळू बसला. मी चहा टाकायला उठलो. साखर कुठल्या डब्यात ते मला तीन महिन्यांत सापडलं नव्हतं. आतून विचारलं तर दोघांनी एकदमच सांगितलं.

चहा चालू असतानाच गवंड्याचा फोन आला, जिन्याला कधी येऊ म्हणून. दत्ता फोनवर म्हणाला, "आत्ता न्हाई जमायचं. घरातला प्रिंटर बिघडलाय."