भोंगा वाजवत दारात

आजकालच्या पोरांना शिंक आली तरी ॲम्ब्युलन्स लागते, असं आमच्या झरी गावात पारावर बसून बोलणाऱ्यांना मी आता तोंडावर उत्तर देते. लागते. पूर्वी दुखणाईताला बाजेवर घालून न्यायला घरात चार गडी असायचे. आता भाऊ पुण्यात कंपनीत आणि वडिलांचे, आबांचे, गुडघे गेलेले. मग मला उचलणार कोण, पारावरचे तुम्ही?

मला दमा आहे. बिनलग्नाच्या पोरीचा दमा म्हणजे घरानं दडवायची गोष्ट. धाप लागली की आबा ॲम्ब्युलन्स फाट्यावरच थांबवायला लावत आणि मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून, परभणीला कामाला निघाल्यासारखी, तिथपर्यंत चालत जायची. धाप लागलेलं माणूस, आणि चालत. हे शहाणपण आम्ही दोनदा केलं.

तिसऱ्या वेळी जिंतूरकडचे पाहुणे मला बघायला आले होते. शेजारच्या रानात सोयाबीनचं मळणीयंत्र सुरू झालं, भुसा घरभर आला आणि पोह्यांच्या बशा हातात असतानाच माझा श्वास अडकला. पाहुण्यांना दिसू नये म्हणून आईनं माझा पंप वाकळांच्या थप्पीत खुपसला होता. घाबरल्यामुळं कुठल्या घडीत ते तिलाच आठवेना. ती रडत थप्पी उपसत होती आणि मधेच माझ्या कानात सांगत होती, अर्धा तास कळ काढ, ते उठतीलच.

अर्धा तास माझ्याकडं नव्हता. स्वयंपाकघरातून मीच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. थोड्या वेळानं ड्रायव्हरचा उलट फोन आला, तो आबांनी घेतला आणि त्याला सवयीनं फाट्यावर थांबायला सांगितलं. मला इतका संताप आला की बहुधा त्या संतापानंच दोन वाक्यांपुरता श्वास दिला. मी फोन हिसकावला.

"दारात आणा. भोंगा वाजवत आणा."

अख्खी गल्ली गोळा झाली. पाहुण्यांच्या देखत मला स्ट्रेचरवर घालून नेलं. लाज वाटली का? वाटली. पण नाकाला ऑक्सिजन लागला होता आणि तो लय गोड लागत होता. आणखी उशीर अवघड गेला असता, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

चौथ्या दिवशी घरी आले, तर आबा ओट्यावर मान खाली घालून बसलेले. मध्यस्थाचा निरोप आला होता.

"पोरगी आजारी हाय, आमाला जमायचं न्हाई म्हणालेत," ते म्हणाले. घरात कुणी गेल्यासारखा त्यांचा आवाज होता.

मी त्यांच्या शेजारी बसले.

"आबा, नकार आलाय तो जित्या पोरीला आलाय. एवढं तरी बघा."