गोदाकाकूंचं विमान

गोदाकाकूंचा आवाज असा, की कळंबात त्या ‘दूध उतू चाललं’ म्हणाल्या तर यवतमाळात बायका गॅस बंद करायच्या. थोडी अतिशयोक्ती होतेय. सगळ्याच बायका करत नसत. पण काकूंची खरी ओळख आवाजाची नव्हती, ‘काहून’ची होती. त्यांना काहीही सांगा, त्या आधी विचारायच्या, काहून? म्हणजे, का? भाजीवाला म्हणाला मेथी घ्या, काहून? डॉक्टर म्हणाले जीभ दाखवा, काहून? चिंतामणीच्या देवळात हातावर तीर्थ पडायच्या आधी काकूंचा प्रश्न पडायचा. काकू आजही शेजारीच राहतात आणि आवाजही शाबूत आहे. मी ‘होती’ लिहिलं, कारण माझ्यापुरती ती सवय एका दिवशी बंद झाली.

मी तेव्हा विमानांचा कंट्रोलर व्हायचं शिकत होतो. टॉवरमध्ये बसून विमानांना कधी थांबायचं, कधी उतरायचं हे सांगणारा माणूस. बाबांनी गावभर सांगितलं होतं की पोरगा विमान चालवतो, आणि मी ते खोडून काढलं नव्हतं. शिकवणी दूर उत्तरेत चालायची. पडद्यावर खोटी विमानं, शेजारच्या खोलीत पायलट बनून बोलणारी माणसं. तीन विमानं येईपर्यंत मी वाघ. चौथं आलं की जीभ टाळ्याला चिकटायची. आणखी एकदा नापास झालास तर बॅग भर, असं सरांनी सांगून टाकलं होतं. तेवढ्यात कोरोना आला आणि सगळ्यांनाच बॅगा भराव्या लागल्या. लोकांसमोर मी चेहरा पाडून फिरलो. अख्खं जग खोकत होतं आणि मी मनातून सुटलो म्हणत होतो.

घरी सरावाला पायलट कुठून आणणार? दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. पलीकडे काकूंच्या अंगणात पापड वाळवायची खाट. ती खाट रनवे झाली, वाट्या विमानं झाल्या आणि काकू पायलट झाल्या. विमानांचे नंबर लक्षात ठेवायला त्यांनी साफ नकार दिला आणि आपल्या शेळ्यांची नावं दिली.

“ढवळी, थांबा,” मी भिंतीवरून म्हणायचो.

“काहून थांबू? समोर कोण हाय?”

“समोर चांदी उतरून राहिली.”

“मंग असं सांग ना. अन् कवापर्यंत थांबू? तेल काय आभाळात भेटते?”

मी रुबाबात सांगितलं की काकू, नियमच आहे तसा. विमानाला हवेत थांब म्हटलं की कधीपर्यंत तेही सांगावं लागतं. काकूंना हा नियम एवढा पटला की दुसऱ्या दिवशी त्यांनी दूधवाल्यालाही लावला. दुसरा नियम त्यांना त्याहून आवडला. पायलटनं ऐकायचं ते आपल्या कंट्रोलरचंच. एकदा बाबा गमतीनं ओरडले, “ढवळी, उतर खाली.” काकूंनी वाटी हलवली नाही. “तुमी कोण? माहा कंट्रोलर तो हाय,” म्हणाल्या.

डाव्या बाजूच्या वाट्या मात्र त्यांच्या हातून सारख्या लवंडायच्या. मला वाटायचं, मुद्दाम धडक देतात. मग एकदा चहाचा कप लवंडला, तेव्हा मी त्यांना गाडीवर बसवून यवतमाळला नेलं. काचबिंदू निघाला. नजर कडेकडून आत मिटत येते आणि गेलेली परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करावं लागणार होतं, पण कोरोनामुळे ऑपरेशनं बंद होती. तोवर थेंब. काकूंनी त्यांना एवढे ‘काहून’ विचारले की शेवटी डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा पुसला.

पुढे ऑपरेशनं सुरू झाली. काकूंना सोमवारचं बोलावणं आलं. सख्खं मूलबाळ नाही, नेणार मीच, हे ठरलेलं. आणि शनिवारी मला मेल आला. प्रशिक्षण पुन्हा सुरू, सोमवारी हजर व्हा, न येणाऱ्यांचा विचार पुढच्या तुकडीत. पुढची तुकडी कधी, ते लिहिलं नव्हतं.

मी भिंतीपाशी गेलो. ‘काहून’चं उत्तर रात्रभर घोटून ठेवलं होतं. मोठं, डोळ्यांत पाणी आणणारं उत्तर होतं. मी म्हणालो, “काकू, जरा थांबा. मी येतो अन् नेतो तुम्हाले.”

“हो बाबू,” काकू म्हणाल्या.

बस्स. घोटलेलं उत्तर तसंच घेऊन मी बॅग भरायला गेलो.

तिकडे तोंडाला मास्क, मध्ये काचा, आवाज उशीखालून आल्यासारखे. सराव सुटल्यानं भले भले हुशार गडबडत होते. माझ्या मात्र प्रत्येक विमानामागे काकू बसलेल्या होत्या. थांब म्हणायच्या आत कानात काहून वाजायचं, कवापर्यंत वाजायचं आणि उत्तर तयार असायचं. चार काय, नऊ विमानं उतरवली. सर म्हणाले, घरी कोणाकडे शिकलास? मी म्हणालो, स्वतःच वाचलं.

मग दुसरी लाट आली. सुट्टी मिळेना. फोनवर डोळ्याचं विचारलं की काकू म्हणायच्या, बरं हाय, तू तुह्यं पाह्य. मीही दुसरा प्रश्न विचारत नव्हतो. काकूंचा पुतण्या जीप घेऊन दोनदा आला होता, हे आईनं सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी त्याला दारातून परतवून लावलं. म्हणाल्या, बाबूनं थांब म्हटलं हाय. आई हसत सांगत होती. मीही हसलो.

शेवटी सुट्टी मिळून गेलो, तेव्हा आधी त्यांना दवाखान्यात नेलं. डावा डोळा संपला होता. उजवा वाचवला.

आता मी खरी विमानं उतरवतो. मागच्या सुट्टीत भिंतीवर बसून काकूंना वादळातल्या विमानाची गोष्ट सांगितली, आहे त्याच्या तिप्पट करून. त्या पूर्ण मान वळवून माझ्याकडे पाहत होत्या. आता तसंच पाहावं लागतं. गोष्ट संपली. त्यांनी काही विचारलं नाही. मला राहवेना.

“काकू, एकदा तरी विचारा ना, काहून गेलतो म्हणून.”

“ते कायले विचारू? शिक्षण होतं तुह्यं. दिसतच होतं मले.” त्या पदरानं एक वाटी पुसत होत्या. “पण कवापर्यंत थांबू, ते तू सांगितलं नाही बाबू. मले वाटे, आता सांगशीन, मंग सांगशीन.”

मी भिंतीवरून खाली उतरलो.

“जाऊ दे,” काकू म्हणाल्या. “हे पाह्य, ढवळी कवाची वर हाय. सांग तिले.”

“ढवळी, उतरा,” मी म्हणालो.

काकूंनी वाटी नेऊन ठेवली ती खाटेच्या डाव्या कडेच्या पलीकडे, हवेत. ती फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिली. कळंबातला हा एक आवाज यवतमाळपर्यंत गेला नाही.