एकोणिसाव्या मिनिटाचा उंचवटा

स्वीडनमध्ये, उप्सालातल्या आमच्या प्रयोगशाळेत गुनवोरने बत्तीस वर्षं प्लाझ्मिड शुद्ध केलं. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूतलं डीएनएचं इवलंसं वर्तुळ, त्यात हवा तो जनुक घालता येतो. तिच्या काचेच्या नळीत बारीक कण भरलेले, कणांना डीएनएचे आखूड धागे डकवलेले. फोडलेल्या जिवाणूंचं पाणी नळीतून सोडलं की धागे नेमकं प्लाझ्मिड धरून ठेवत, बाकी सगळं वाहून जाई. मग द्रावण बदललं की पकड सुटे आणि यंत्राच्या पडद्यावरची सपाट रेघ एकोणिसाव्या मिनिटाला वर चढे.

बाई तिरसट. तीनच्या कॉफीला कोणी उशिरा आलं की त्याच्या वाटणीचा दालचिनीचा बन त्याच्यादेखत दुसऱ्याला देई. तिचा साहेब असून मीही दोनदा उपाशी राहिलोय.

तिचा नवरा तुरे आमच्याकडेच यंत्रं दुरुस्त करायचा. एका जुन्या चाचणीसाठी गुनवोरने त्याच्या रक्तातला जनुक प्लाझ्मिडमध्ये घालून ते याच नळीतून काढलं होतं. चार वर्षांपूर्वी तुरे गेला. त्यानंतर नळीतून नुसतं कोरं द्रावण सोडलं तरी एकोणिसाव्या मिनिटाला रेघ किंचित उचलायची. आम्ही तपासून घेतलं. जनुक तुरेचाच होता.

"नळी कॉस्टिक सोड्याने धू, चिकटलेलं सगळं निघून जाईल," मी म्हणालो.

"धुतली की."

थाप होती. ती नुसत्या मिठाच्या पाण्याने धूत होती. रोज सकाळी नुसत्या द्रावणाची कोरी फेरी लावून पडद्यासमोर बसायची. एकदा दारातून मी ऐकलं, "आलास? आज अगदी वेळेवर." मी तसाच मागे फिरलो.

मार्चमध्ये एका आजारी मुलीच्या औषधासाठी प्लाझ्मिड हवं झालं. त्यात परक्या जनुकाचा मागमूसही चालणार नव्हता. नवी नळी यायला तीन महिने, आणि मुलीकडे तेवढे दिवस नव्हते. मी कॉस्टिकची बाटली गुनवोरपुढे ठेवली.

"त्याचं एवढंच उरलंय, होकान."

"माहीत आहे मला."

"तुला डोंबल माहीत आहे. हो बाजूला."

कॉस्टिक तिने स्वतःच्या हाताने सोडलं. मग कोरी फेरी लावली. एकोणिसावं मिनिट आलं, गेलं. रेघ सपाट. ती तिथेच बसून रडली आणि मला स्वतःची लाज वाटली. मुलीचं प्लाझ्मिड मात्र लख्ख निघालं.

जूनमध्ये गुनवोर निवृत्त झाली. पुढच्याच आठवड्यात नवी नळी आली. सील मीच फोडलं. पंप नवा, जोडनळ्या नव्या, द्रावण त्याच सकाळी केलेलं. कोरी फेरी लावली आणि कॉफी ओतून घेतली.

एकोणिसाव्या मिनिटाला रेघ उचलली.

त्या मिनिटाला नळीतून निघालेला थेंब तपासायला पाठवायचं माझं धाडस झालं नाही. मी गुनवोरला फोन लावला. रेघ उचलल्याचं सांगितलं.

"मशीन बंद करू नकोस," ती म्हणाली. "मी कोट घालतेय."