अर्ध्या मिनिटाचं भविष्य

माझ्या सासूबाईंना पुढचं अर्धं मिनिट आधीच दिसतं, यावर एक आख्खा रविवार माझा विश्वास होता.

लग्नानंतर पहिल्यांदाच मी रविवारभर उंब्रजला सासुरवाडीत राहिलो होतो. "आई मोजकं बोलते, पण तेवढ्यात माणूस जोखते," असं बायकोने, म्हणजे मनीषाने, मला एसटीतच बजावलं होतं. तेव्हा सासूबाईंसमोर हुशार दिसणं हा माझ्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न होता. (मी पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. उंब्रजमध्ये याला 'बसून असतात' म्हणतात.)

सासूबाईंचा रविवार म्हणजे रेडिओ. त्यातही गाणी नकोत, बोलणं हवं. गाणं लागलं की त्या आवाज बारीक करतात. "गाणं काय, परत लागतंय. बोलणं एकदा गेलं की गेलं," असं त्यांचं म्हणणं. उसाच्या खोडव्यापासून चंद्रावरच्या खड्ड्यांपर्यंत कुणी काहीही बोलो, त्या ऐकतात, आणि संध्याकाळी त्यावर स्वतःचं मत देतात. मला ही बाई बघताक्षणी आवडली.

म्हणून तर मी त्यांच्यासाठी मोबाईलला जोडायचा नवा स्पीकर नेला होता. बाहेरच्या सोप्यात मांडला, माझ्या मोबाईलवरून रेडिओ लावला. खरखर नाही की काटा फिरवणं नाही! सासूबाई "लय ग्वाड आवाज हाय" म्हणाल्या आणि आत स्वयंपाकाला गेल्या. मी ऐकत बसलो आणि त्या चहा-पाण्यासाठी ये-जा करत राहिल्या.

चमत्कार सुरू झाला प्रश्नमंजूषेपासून. पोह्यांची बशी ठेवता ठेवता सासूबाई सहज म्हणाल्या, "शहामृग." मी पोह्यांकडे निरखून पाहिलं. दोन घास खाऊन झाले आणि स्पीकरने विचारलं, जगातला सगळ्यात मोठा पक्षी कोणता?

मग श्रुतिका लागली. लग्नघरातला हार चोरीला गेला होता आणि माझा संशय आचाऱ्यावर होता. सासूबाई भाकरी वाढायला आल्या, म्हणाल्या, "मामानंच मारला त्यो हार." मी समजूतदारपणे मान डोलावली. भाकरी मोडतो न मोडतो, तोच स्पीकरमधला मामा हुंदके देत कबूल झाला!

मी भाकरी बाजूला ठेवली. न राहवून मी विचारलं, "आई, तुम्हाला हे सगळं आधीच कसं कळतं?"

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "सगळ्यास्नीच कळतंय, पावणं. तुमी नका मनाला लावून घेऊ."

केवढा हा विनय! मी भारावून गेलो. शेजारचे सुभेदारमामा, निवृत्त फौजी, त्यांच्या ओट्यावर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते. सासूबाई प्रश्नाच्या आधी उत्तर देतात, हे मी त्यांना कुंपणावरून सांगितलं. त्यांनी ट्रान्झिस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते उठून घरात गेले.

दुपारी विनोदी गप्पांचा कार्यक्रम होता. आत सासूबाई आणि मनीषा मधूनच हसायच्या, ओट्यावर सुभेदारमामा हसायचे, सगळीकडे शांत व्हायचं, आणि मग सोप्यात मी एकटा खो खो हसायचो. विनोद कळला हे दिसायला हवं म्हणून जरा जास्तच जोरात हसत होतो. दर खेपेला सासूबाई दारातून डोकावून जात. नंतर त्यांनी वाटीभर भिजवलेले बदाम माझ्यापुढे आणून ठेवले. जावयाचा मान म्हणून मी सगळे खाल्ले.

चार वाजता डॉक्टरांना फोन करून प्रश्न विचारायचा कार्यक्रम लागला. सासूबाई आपला मोबाईल घेऊन परसात गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने आत मनीषा किंचाळल्यासारखी हसली. सुभेदारमामांना ओट्यावर हसता हसता ठसका लागला. माझ्या स्पीकरवर अजून साबणाची जाहिरात चालली होती.

मग सोप्यात सासूबाईंचा आवाज घुमला. "नाव नगा इचारू, डॉक्टर. नवं जावई हायत. सोभावानं सोनं. पर समदी हसून गप झाली की त्ये हसत्यात. लेक देऊन बसलो, आता कायतरी औषध सांगा."

मी स्पीकर बंद करायला उठलो, पण डॉक्टर काय औषध सांगतात हेही ऐकायचं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, जावई रेडिओ कशावर ऐकतात?

"मोबाईलवर. लय भारी डबा आणलाय त्येंनी. मी आपली जुन्या रेडिओवरच ऐकती, पिठाच्या डब्यामागं बारीक करून ठिवून. त्येंला वाईट वाटाया नगं."

एव्हाना सासूबाई फोन ठेवून सोप्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मनीषा पदर तोंडात धरून त्यांच्या मागे होती. कुंपणावरून सुभेदारमामा वाकून बघत होते. सगळे माझ्याकडे टक लावून गप्प.

"थांब," सासूबाई लेकीला हळूच म्हणाल्या, "आता हसतील बघ."

"मावशी," स्पीकरमधून डॉक्टर बोलले, "मोबाईलवर आमचाच आवाज अर्धं मिनिट उशिरा पोचतो. जावई अगदी ठणठणीत आहेत!"

मी ठणठणीत असल्याची बातमी तोवर सगळ्या उंब्रजला पोचली होती. माझ्यापर्यंत ती आत्ता आली, आणि मी हसलो.