आबांचं एक्स गुणसूत्र

अठरा वर्षं झाली, मी जळगावच्या एका ज्युनियर कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेच्या धड्यात रंगांधळेपणा येतो. दरवर्षी मी फळ्यावर तेच चित्र काढते: वर रंगांधळे वडील, त्यांच्या खाली वाहक मुलगी, तिच्या खाली दोन मुलगे, त्यांतला एक पुन्हा रंगांधळा. परीक्षेत हमखास विचारलं जातं म्हणून मुलंही नीट उतरवून घेतात. इतकी वर्षं मी हे चित्र काढत होते आणि ते आमच्याच घराचं आहे हे मला कळलं नव्हतं.

कळलं ते माझा मुलगा चौथीत असताना. त्याच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि चित्रकलेची वही पुढे केली. केळीची बाग काढली होती त्यानं. आजोळी रावेरला जाऊन येऊन त्याला केळीशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. घड छान लोंबत होते, मधोमध पाण्याची नळीसुद्धा होती. पण पानं सगळी तपकिरी आणि माती हिरवीगार.

"मुद्दाम करतो का, ते जरा बघा," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या त्या. "मी दोनदा सांगितलं. म्हणतो, हिरवाच दिलाय."

घरी येऊन मी त्याच्यापुढे रंगीत खडूंची पेटी ठेवली आणि हिरवा मागितला. त्यानं एकेक खडू उचलला, त्यावरच्या कागदावर छापलेलं नाव वाचलं आणि बरोबर हिरवा दिला. मग मी दोन खडूंचे कागद सोलून काढले आणि पुन्हा विचारलं. तो गोंधळला, माझ्या तोंडाकडे बघायला लागला आणि त्यानं तपकिरी पुढे केला. इतके दिवस हे पोर रंग वाचत होतं, बघत नव्हतं. शाळेतल्या खडूंचे कागद केव्हाच फाटून गेले होते, तिथं वाचायला काही नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं एक वर्तुळ, आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. बहुतेक पानांवर त्याला नुसते ठिपकेच दिसले.

"लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा आहे. बाकी नजर उत्तम," त्या म्हणाल्या. "औषध नाही, आणि घाबरायचंही कारण नाही. हे मुलाला आईकडून येतं, ते तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्या वडिलांना आहे का?"

"छे. आबांना अजून लांबचं स्वच्छ दिसतं."

"मी नजर नाही विचारत. रंग विचारतेय."

मग मला एकेक आठवायला लागलं. आई आबांना कधीच एकट्यानं भाजी आणायला पाठवत नसे. टमाटे घ्यायचे असोत की मिरच्या, ती बरोबर असायचीच. शेजारपाजारचे कौतुक करायचे, काय जोडी आहे, बाजारालाही दोघं मिळून जातात. आबांचे सदरे सगळे पांढरे. साडी आणायची वेळ आली की आबा म्हणायचे, तुझी आवड तूच बघ. आम्हा भावंडांना वाटायचं, आबा साधे आहेत. डॉक्टरीणबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि न मागता ते पुस्तक दोन दिवसांसाठी माझ्या हातात दिलं.

रविवारी मुलाला घेऊन मी रावेरला गेले. आबांनी उभं आयुष्य तिथल्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडे, शेठकडे, काढलं. बागेत जायचं, घड तपासायचे, कोणता आज उतरवायचा आणि कोणता आठवडाभर ठेवायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. कोवळ्या केळाच्या कडा टोकदार असतात, फळ भरलं की त्या गोल होतात. आबा नुसता अंगठा फिरवून सांगायचे. त्यांनी पास केलेला माल दिल्लीला पोचला तरी तक्रार येत नसे.

ओसरीत उजेडाला बसवून मी त्यांच्यापुढे पुस्तक धरलं. "आबा, यात काय दिसतं?"

"ठिपके."

मला सातचा आकडा ठळक दिसत होता. मी पान उलटलं. "आणि यात?"

"ठिपकेच ना." त्यांचा आवाज बारीक झाला होता.

अशी चार-पाच पानं झाली. पुढचं पान वेगळं निघालं. त्यात मला काही म्हणजे काही दिसेना. तेवढ्यात आबा आणि माझा मुलगा एकदमच बोलले, "पाच!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगा टुणकन उठला. "आई, तुला दिसत नाही? एवढा मोठा पाच आहे!" त्या पुस्तकात अशी एक-दोन पानं असतात, रंगांधळ्याला वाचता येणारी आणि आपल्याला न येणारी. मी हरल्याचा त्याला इतका आनंद झाला की आबासुद्धा हसले.

आई दारात उभी होती, हाताला पीठ तसंच. ती धुळ्याकडची. रावेरला येऊन पंचेचाळीस वर्षं झाली, पण अहिराणी सोडली नाही. ती म्हणाली, "त्यासले लाल-हिरवं समजत नही. मले बठ्ठं माहीत शे. लगीन व्हयनं तैपासून."

लग्नानंतर महिनाभरातच तिला कळलं होतं. वांग्याच्या भरितासाठी हिरव्या मिरच्या आणायला सांगितल्या तर आबांनी लाल-हिरव्या एकत्र आणल्या. तिनं हसून विचारलं, तर त्यांचा चेहरा असा पडला की पुन्हा तिनं विचारलं नाही. पुढच्या बाजाराला पिशवी घेऊन तीच बरोबर निघाली, आणि मग निघतच राहिली.

आबा पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "असंच पुस्तक भुसावळले पाह्यलं होतं मी."

हे आम्ही कोणीच ऐकलेलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी आबा रेल्वेच्या नोकरीसाठी लेखी परीक्षा पास झाले होते. मग डॉक्टरी तपासणी झाली. तिथं असलंच पुस्तक पुढे आलं. ते म्हणाले, ठिपके दिसतात. तपासणाऱ्यानं कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि त्यांना बाजूला उभं केलं. मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं, एवढा साधा आकडा वाचता येत नाही म्हणून. घरी येऊन आबांनी सांगितलं, जागाच भरल्या नाहीत.

"काय झालं हे कोणी सांगितलंच नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"सांगितलं असीन. मी ऐकाच्या मनात नव्हतो. मले वाटे, माह्या डोक्यातच काही कमी आहे. बाकीच्यायले दिसते अन् मले नही, म्हणजे मी ध्यानच देत नही." मग त्यांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, "याले हे माह्यापासून आलं?"

अठरा वर्षं शिकवते आहे, पण कोणी इतक्या मनापासून विचारलेला प्रश्न मला आठवत नाही. गुणसूत्र, प्रतिलेखन हे शब्द तोंडावर आले होते. ते मी गिळले.

"आबा, शेठच्या पेढीवर ती मोठी वही होती ना? कोणत्या बागेत कधी कापणी, कसा माल उतरवायचा, ते सगळं लिहिलेली?"

"व्हती. पेढीच्या बाहेर नही जाऊ देत ते."

"मग बागेत काय न्यायचे?"

"चिठ्ठी. वहीतून उतरवून घ्यायची अन् कापणाऱ्या टोळीले द्यायची."

"तसंच आहे हे. आपल्या प्रत्येक पेशीत अशी एक वही असते. तिला डीएनए म्हणतात. ती पेशीच्या मधल्या खोलीतून बाहेर जात नाही. तिच्यातला हवा तेवढा मजकूर उतरवून चिठ्ठी बाहेर जाते, ती आरएनए. आणि बाहेर त्या चिठ्ठीबरहुकूम माल तयार होतो, तो म्हणजे प्रथिनं. एका कामापुरता वहीतला जो मजकूर, तो एक जनुक. सगळ्या अंगात वही तीच असते, पण डोळा आपल्यापुरती पानं उघडतो, यकृत आपल्यापुरती."

"बरं."

"रंग ओळखणारं प्रथिन डोळ्याच्या पडद्यावर तयार होतं. लालसाठी एक पान, हिरव्यासाठी एक. ही दोन पानं वहीत शेजारीशेजारी आहेत आणि जवळजवळ सारखीच लिहिलेली. त्यामुळे एका पिढीकडून दुसरीकडे जाताना कधीतरी त्यांची सरमिसळ होते, एखादं पान गळतं. मग चिठ्ठीच तशी निघते."

आबांनी थोडा विचार केला. "म्हणजे वहीतच तसं लिहेल असीन, तर कापणाऱ्याची काही चूक नही."

"काहीच नाही."

"टोळीनं तर चिठ्ठीपरमाणंच कापलं."

"हो, आबा."

ते उठून मोरीवर गेले, तोंडावर पाणी मारलं आणि पंचानं पुसत परत आले. पुसायला जरा जास्तच वेळ लागला. मग मात्र त्यांनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. वही आली कुठून? मी सांगितलं, ही पानं ज्या एक्स गुणसूत्रावर असतात ते तुम्हाला तुमच्या आईकडून आलं. तिला स्वतःला रंग नीट दिसत असणार, कारण बाईकडे दोन एक्स असतात, एकावरचं पान बिघडलं तरी दुसरं धकवून नेतं. पुरुषाकडे एकच. आबांना एकदम त्यांचे मामा आठवले. "पिकलेलं बोर ते दाबून पाहे. आम्ही हसू त्यायले." मामांनाही ते आबांच्या आजीकडूनच आलेलं असणार.

"मंग आपल्या पोराले काहून नही?" पोरगा म्हणजे माझा भाऊ. लहानपणी त्याला रंग शिकवताना आबा म्हणे श्वास रोखून बसायचे.

"मुलाला वडिलांकडून वाय जातं, एक्स जात नाही. तुमचं एक्स जसंच्या तसं मला आलंय. मुलगी आहे म्हणून."

"त्याच्यासाठी मी भीत ऱ्हायलो, अन् निघालं तुह्याकडं!" त्यांना हे फार अजब वाटलं. वंश पोरगा चालवतो, हे ऐकत ते म्हातारे झाले होते. "तुले त्रास नही ना त्याचा?"

मी नाही म्हणाले, आणि त्यांना एक गोष्ट सांगितली जी मी वर्गात घाईघाईनं उरकते. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एकच उघडं असतं, दुसरं मिटवून ठेवलेलं. कोणत्या पेशीत कोणतं, हे जन्माआधीच कसंही ठरून जातं. म्हणजे माझ्या डोळ्यांच्या पडद्यावर काही ठिपके आईकडची वही वाचतात आणि काही आबांकडची. माझ्या डोळ्यांचा काही भाग आयुष्यभर आबांसारखंच बघत आलाय. सांगता सांगता मलाच ते नव्यानं कळलं. मला राग यायला हवा होता का, माझ्याकडून मुलाला हे गेलं म्हणून? नाही आला. या दोघांच्या मधली कडी मी आहे, याचं उलट बरं वाटलं.

दुपारी आबा म्हणाले, "शेठकडं जाऊन येऊ."

शेठ म्हणजे ते केळीचे व्यापारी. आबा रेल्वेच्या तपासणीत नापास झाले त्याच वर्षी त्यांनी आबांना कामाला ठेवलं होतं. आता पंच्याऐंशीच्या घरात, धंदा मुलं बघतात, ते घरासमोर खुर्ची टाकून बसलेले असतात. आबांनी नमस्कार-चमत्कारही न करता सांगून टाकलं, "शेठ, मले लाल-हिरवं समजत नही. पिवळ्याचाही घोळ व्हते. जन्मापासून आहे. आज पोरीनं काढलं."

शेठ हसले. "मला तर पहिल्या सीझनलाच समजलं होतं, भाऊ. पिकवायच्या खोलीतून पिवळी केळी आणा म्हटलं, तुम्ही अर्धी कच्ची घेऊन आले."

"मंग बोलले काहून नही?"

"तुम्ही नाही बोलले. माणूस जे झाकून ठेवतो ते आपण कशाला उघडायचं? खोलीवर दुसरा माणूस ठेवला, तुम्हाला बागेत पाठवलं. हिरवं-पिवळं बघणारे पन्नास मिळतात. अंगठ्यानं सांगणारा मला दुसरा नाही मिळाला."

आबांनी शेठचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचनात. शेवटी शेठच म्हणाले, "अरे, आता चाय तर घेऊ द्या." सुनेनं चहा आणला. दोघं मग कुठल्याशा जुन्या वादळात पडलेल्या बागांविषयी बोलत बसले. मला वाटत होतं, चाळीसहून अधिक वर्षं दोन माणसं, एक घरात आणि एक पेढीवर, एकमेकांना काही न सांगता याच माणसाला सांभाळत होती, आणि फळ्यावर चित्र काढणारी मी मात्र सुट्टीत येऊन आयती केळी खाऊन जात होते.

मुलाचं सांगायचं तर काही विशेष नाही. बाईंनी त्याच्या खडूंवर नावं चिकटवून दिली. पानं हिरवी का काढायची हे त्याला कळत नाही, पण सगळे काढतात म्हणून तो काढतो. आबांमध्ये मात्र फरक पडला. मागच्या महिन्यात ते आणि आई जळगावला आले होते. आईला साडी घ्यायची म्हणाले, आणि आई बरोबर नको. मीच त्यांच्यासोबत गेले.

"आबा, कोणता रंग काढू?" दुकानातल्या पोरीनं विचारलं.

"रंग तूच सांग, अक्का. मले लाल-हिरवं दिसत नही," आबा मोठ्यानं म्हणाले, शेजारच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं. मग एकेका साडीचा पदर चिमटीत धरून अंगठा फिरवत राहिले. सात-आठ झाल्यावर एकीवर थांबले. ती गडद जांभळी होती. घरी आईनं घडी उलगडली, काठ पाहिले, पोत पाहिला आणि त्याच दिवशी नेसली.