बाबांनी हळूच सांगितलेली गोष्ट

वर्ध्याच्या वसतिगृहात माझ्या खोलीखालून बाजाराच्या गाड्या जातात. बैलांच्या घंट्या वाजल्या की वाचनातलं लक्ष उडतं. हे नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच.

कापूस वेचणीच्या दिवसांत बाबांची छाती भरली. खोकला, ताप, आणि मग ते भलतंच बोलू लागले. खाटेवर पडल्या पडल्या बैल हाकायचे, मायला ओळखेनात. मान लाकडासारखी ताठ. गल्लीत सगळे म्हणाले, बाहेरचं लागलं. गिरडच्या दर्ग्याला न्यायला मी गाडी जुंपली. पण गाडीला हिसका बसला की मानेतल्या कळेनं बाबा ओरडत. शेवटी माय म्हणाली, "गिरड लांब हाय रे. सेलूले घे, डॉक्टरकडे." डॉक्टरांनी सांगितलं, न्युमोनिया छातीत थांबला नाही, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलाय. मग वर्ध्याचा दवाखाना, पेनिसिलिनच्या सुया. बाबा वाचले.

घरी आणताना ते माझ्या पाठीमागे गाडीत बसले होते. मग म्हणाले, "बैलाच्या घंट्या काऊन काढल्या रे?"

घंट्या तर वाजतच होत्या.

पुढे मी मॅट्रिक पास झालो. पण ऐकू न येणारा माणूस एकटा शेत कसं सांभाळणार? कॉलेजचं राहू दे, असं मी मायला सांगितलं आणि पुस्तकं फडक्यात बांधून फळीवर टाकली. बाबांना कोणी काही बोललं नाही. त्यांनी ते गाठोडं पाहिलं असावं.

एका दुपारी मी गोठ्यात बैलांना कडबा टाकत होतो. बाबांनी मायला चुलीपाशी जवळ बोलावलं. काम होईस्तोवर बोलायचं नाही, नजर लागते, ही आमच्या घरची रीत. म्हणून ते, त्यांच्या समजुतीनं, कुजबुजले:

"अवं, पोराले वर्ध्याले पाठवाचं हाय, कॉलेजात! बैल मले ओळखते, मी बैलाले. कान गेले तं काय झालं? पन कोनाले सांगू नको!"

आवाज पार विहिरीपर्यंत गेला. तिथून शेजारच्या काकू ओरडल्या, "नाई सांगत जी भाऊजी, कोनालेच नाई सांगत!" बाया खदखदून हसल्या. मायनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, मला गोठ्यातून दिसलं नाही.

संध्याकाळी जो भेटेल तो ओठांवर बोट ठेवून विचारायचा, "काऊन रे, कवा चालला वर्ध्याले?" मला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

निघायच्या दिवशी गाडी बाबांनीच हाकली, एक हात बैलाच्या पाठीवर ठेवून. दारादारांतून माणसं हसू दाबत बघत होती. गाव मागे पडल्यावर बाबा माझ्याकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पाह्य, कोनाले पत्ता लागू देला नाई!"